दार पुस्तकात हाय

निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या प्राध्यापिकेला दोनच प्रकारची आमंत्रणं येतात. एक, कुणाच्या तरी बक्षीस समारंभात अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं. दुसरं, बाहेरची परीक्षक म्हणून कुठल्यातरी गावी जायचं. पहिल्यात नारळ मिळतो, दुसऱ्यात नारळ आणि शाल. माझ्या कपाटात एकोणीस शाली आहेत आणि पुण्यात शाल पांघरण्याइतकी थंडी वर्षातून चार दिवस पडते. तरी फेब्रुवारीत नगर जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेचं पत्र आलं तेव्हा मी लगेच होकार कळवला. आता अहिल्यानगर म्हणायचं, हे मला माहीत आहे. पण शिवाजीनगरच्या स्टँडवर कंडक्टर 'नगर, नगर' असंच ओरडत होता, आणि मी कंडक्टरशी वाद घालत नाही.

संस्थेची तीन ज्युनियर कॉलेजं. एक श्रीरामपूरला, एक शनिशिंगणापूरजवळ, एक पार अकोले तालुक्यात डोंगरात, राजूरला. तिन्हीकडे अकरावीच्या मुलांना संस्था पदरचा 'इंग्रजी संभाषण' नावाचा विषय शिकवते आणि वर्षअखेरीस त्याची तोंडी परीक्षा घेते. तीन गावं, परीक्षेचे तीन दिवस, माझं काम ऐकायचं. आयुष्यभर वर्गात मीच बोलले, तेव्हा तीन दिवस ऐकायला काय हरकत आहे, असं मला वाटलं. ऐकायला काय मिळणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

श्रीरामपूर

स्टँडवर मला घ्यायला एक तिशीची बाई उभी होती. हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गुलाबांचा गुच्छ, खांद्याला पर्स, पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला. ही रोहिणी. तिन्ही कॉलेजांत संभाषणाचा विषय हीच शिकवते, आठवड्याचे दिवस वाटून, एसटीने. गुच्छ माझ्या हातात देऊन तिने माझी बॅग घेतली आणि बॅग जीपमध्ये ठेवायच्या आत म्हणाली,

"मॅडम, आधीच सांगते, मागून सांगितलं तर वाईट दिसंल. मी सहा वर्षं तासिका तत्त्वावर आहे. जेवढे तास घेतले तेवढंच मानधन, मे महिन्यात काहीच नाही. राजूरची जागा येत्या जूनला कायम होतीय. तिथं मला घ्यायचं का दुसऱ्या कुणाला, ते तुमच्या अहवालावर ठरणारे."

मी गुच्छाकडे बघत राहिले. पुण्यात कुणाला वशिला लावायचा असेल तर माणूस आधी हवापाण्याचं बोलतो, मग आंब्याची पेटी पाठवतो, मग महिन्याभराने सहज फोन करतो. हिने सगळं काम बॅग उचलता उचलता उरकलं होतं. मला राग आला. "अहवाल मी जे दिसेल त्यावर लिहिते," असं मी माझ्या खास वर्गातल्या आवाजात म्हणाले. ती म्हणाली, "व्हय मॅडम, तेच म्हणते मी."

जीपचा ड्रायव्हर भाऊसाहेब. नगर जिल्ह्यात दर दहा पुरुषांत तीन भाऊसाहेब असतात आणि उरलेले त्यांना भाऊसाहेब म्हणून हाक मारतात, असं माझं निरीक्षण आहे. हे गृहस्थ पन्नाशीचे, मिशीवाले, संस्थेत सगळ्यांच्या आधीपासून असलेले. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागे आम्ही पाऊण तास रांगत होतो तेव्हा त्यांनी मला श्रीरामपूरचा इतिहास सांगितला. तो मुख्यतः कुठल्या साली कुठला कारखाना कुणाच्या हातात होता याचा होता. चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांत नाताळच्या कागदी चांदण्या फेब्रुवारीतही घराघरांवर टांगलेल्या होत्या. आमच्याकडे आकाशकंदील तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला तरी शेजारी विचारतात.

तिन्ही कॉलेजांचा कारभार बघणाऱ्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये मिसळ, जिलबी, चहा, पुन्हा चहा. विसावी शाल. प्राचार्यांनी इंग्रजीत स्वागत केलं, कागदावरून. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि मराठीत म्हणाले, "आपला निकाल शंभर टक्के असतो मॅडम. परंपरा आहे." आणि माझ्यापुढे विद्यार्थ्यांची यादी ठेवली. प्रत्येक नावापुढे वीसपैकी मार्क आधीच लिहिलेले होते, पेन्सिलीने, बारीक अक्षरात. सोळा, सतरा, अठरा, सोळा.

"हे काय?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून. तुम्ही आपलं वरून पेन फिरवायचं."

मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे, त्यामुळे मला धक्का बसला असं मी लिहिणार नाही. पण पेन्सिल इतकी टोकदार असेल असं वाटलं नव्हतं. मी यादी उलटी करून ठेवली आणि पहिल्या मुलाला बोलावलं.

पहिला मुलगा आला. 'टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ,' असं मी म्हटलं. त्याने श्वास घेतला आणि एका दमात सुरू केलं. आय लिव्ह इन अ स्मॉल बट हॅपी होम. माय हॉबी इज कलेक्टिंग स्टॅम्प्स. ऑन संडे माय फादर टेक्स अस टु द गार्डन. माय मदर प्रिपेअर्स सँडविचेस. दुसरी मुलगी आली. तीही लहान पण सुखी घरात राहत होती, तीही पोस्टाची तिकिटं जमवत होती. तिसरा, चौथा, दहावा. बेचाळीस मुलांच्या बेचाळीस आया दर रविवारी सँडविच करत होत्या. विसाव्या मुलाला मी विचारलं, एखादं तिकीट दाखव. त्याने घाबरून खिशातून एसटीचा पास काढला.

हे कुणी लिहून दिलं असेल, असा विचार करत मी ऐकत होते. कोण हा महामूर्ख, ज्याला श्रीरामपूरच्या पोराला सँडविच भरवावंसं वाटलं? माणूस नक्की शहरी असणार, नक्की आळशी असणार, आणि खेड्यात कधी चुकून उतरला असेल तर फक्त बस बंद पडली म्हणून. दुपारभर मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या. त्यातल्या काही इंग्रजीत होत्या.

संध्याकाळी मी भाऊसाहेबांना विचारलं, "इथे गार्डन कुठे आहे हो?"

"गार्डन? हाय की, नेवासा रोडला. मंगल कार्यालय हाय. लगीन असलं की जात्यात लोकं."

रोहिणीने डब्यातून हुलग्याची शेंगोळी आणली होती, लसणाचा ठेचा, भाकरी. शेंगोळी उत्तम होती, हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय. ती समोर बसून मी जेवताना बघत होती. तिला विचारायचं होतं की कसं वाटलं. मी मुद्दाम शेंगोळ्यांबद्दल बोलत राहिले.

शिंगणापूर

शिंगणापूरच्या रस्त्यावर दर शंभर पावलांवर रसवंती आहे. लाकडी चरक, गोल फिरणारा बैल, बैलाच्या गळ्यात घुंगरं. भाऊसाहेबांनी न विचारताच जीप उभी केली. "बैल फिरतोय तवर रस घ्यावा मॅडम. बैल थांबला की त्याची चव ग्येली." बैलाचा आणि चवीचा संबंध काय, हे मी विचारलं नाही. या जिल्ह्यात तीन-चार दिवस राहायचं तर प्रत्येक गोष्टीचं कारण विचारून भागत नाही. रस चांगला होता. बैल माझ्याकडे बघत होता, मी बैलाकडे बघत होते, आणि आम्ही दोघांनीही तेच तेच फिरण्यात आयुष्य काढलं आहे हे मला तेव्हा जरा जास्तच जाणवलं.

ज्यांनी गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शिंगणापुरात घराला दार न लावण्याची चाल आहे. चौकट असते, उंबरा असतो, चौकटीत पडदा असतो किंवा नुसता उजेड. शनिदेव राखण करतो, चोर आला तर त्याचं काही खरं नाही, अशी श्रद्धा. आता कुठे कुठे फळ्या उभ्या करतात, कुत्र्यांसाठी म्हणे. पुणेकराला हे बघवत नाही. आमच्याकडे दाराला लॅच, लॅचवर कडी, कडीला कुलूप, बाहेर जाळीचं दार, आणि तरी गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जायचं, कारण शेजाऱ्यांवर विश्वास नसतो.

कॉलेज गावाला लागूनच. शिक्षकांच्या खोलीलाही दार नव्हतं, मोठ्या फुलांचा पडदा होता. मात्र मार्कांच्या याद्या लाखेचा शिक्का मारलेल्या पाकिटात होत्या, वर तीन सह्या. घराला कडी नाही अशा गावात मार्कांना मात्र लाख. पाकीट फोडलं. आत पेन्सिल होतीच.

बायकांच्या स्वच्छतागृहालाही पडदाच होता. तो वाऱ्याने आत बाहेर करत होता. माझ्या या प्रवासातली सर्वांत शिस्तबद्ध पाच मिनिटं मी तिथे घालवली, एका हाताने पडदा धरून. रोहिणी बाहेर पाठ करून उभी होती आणि कुणी येताना दिसलं की खोकत होती. ती चार वेळा खोकली.

मग परीक्षा. लहान पण सुखी घर, तिकिटं, सँडविच. आणि इथे एक वाक्य माझ्या कानाला खुपलं. कालही ते आलं असणार, पण काल मी सँडविचमध्ये अडकले होते. व्हेन आय रिटर्न होम, आय नॉक ॲट द डोअर. माय मदर ओपन्स द डोअर विथ अ स्माइल.

पहिल्या मुलीने म्हटलं, मला हसू आलं. दहाव्याने म्हटलं तेव्हा हसू आटलं होतं. अकरावी आली ती अश्विनी नावाची मुलगी, किडकिडीत, दोन घट्ट वेण्या. तिच्या नावापुढे पेन्सिलीने अकरा होते, यादीतले सर्वांत कमी. तीही घरी परतली आणि तिनेही दार ठोठावलं. मी तिला थांबवलं.

"अश्विनी, डझ युवर हाऊस हॅव अ डोअर?"

"येस मॅडम."

"आर यू शुअर?"

तिने मागे भिंतीशी उभ्या असलेल्या रोहिणीकडे पाहिलं. "नो मॅडम." मग घाईने, "येस मॅडम." मग तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि सरळ मराठीत म्हणाली, "मॅडम, आमच्या घराला दार न्हाई. पन पुस्तकात हाय."

"मग परीक्षेत खरं सांगायचं की पुस्तकातलं?"

"पुस्तकातलंच सांगत्यात की," ती म्हणाली. मंद माणसाला समजावताना आवाज खाली आणतात, तसा तिने आणला होता.

तिन्ही दिवसांत मी ऐकलेलं ते एकमेव खरं बोलणं. मी अकरा खोडून एकोणीस केले आणि रोहिणीकडे हात केला. "ते पुस्तक आणा."

ते पुस्तक नव्हतंच. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, कडेची अक्षरं अर्धी खाल्लेली, मधोमध टाचण्या मारलेल्या. मुखपृष्ठावर 'तोंडी परीक्षेसाठी चाळीस नमुना उत्तरे' आणि खाली 'एका अनुभवी प्राध्यापिकेने लिहिलेली'. नाव नाही. मी दाराचं पान उघडलं. 'विथ अ स्माइल'वर माझी नजर थांबली.

ती अनुभवी प्राध्यापिका मी होते. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि मला अनुभव कशाचा असेल तर उन्हाळ्यात फ्रिजशिवाय दूध टिकवण्याचा. अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकाने मे महिन्याच्या सुट्टीत विचारलं, मी आठ दिवसांत खरडून दिलं आणि फ्रिज आणला. नाव घालू दिलं नाही, कारण विभागप्रमुखांनी गाइड लिहिणारी म्हणून हेटाळणी केली असती. फ्रिज कधीच मोडीत गेला. पुस्तक चालूच होतं. ते दार आमच्या सदाशिव पेठेतल्या बिऱ्हाडाचं होतं. आई ते उघडायची खरी, पण स्माइल मी पदरचं घातलं होतं. तिच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "आलीस? चपला बाहेर काढ."

कालपासून मी ज्या महामूर्खाला शिव्या घालत होते तो आता माझ्याच खुर्चीत बसला होता. अशा वेळी सज्जन माणूस काय करेल ते मला ठाऊक आहे. मी ते केलं नाही. मी रोहिणीवर ओरडले. शिंगणापुरात दाराचं वाक्य पाठ करून घेताना काहीच कसं वाटत नाही, सहा वर्षांत एकदाही डोकं वापरावंसं वाटलं नाही का, असं सगळ्या मुलांसमोर.

ती म्हणाली, "वाटलं होतं मॅडम. प्राचार्यसाहेबांना म्हणले पण होते. ते म्हणाले, छापलेलं बदलायचा आपल्याला काय अधिकार?"

मी पेन काढलं, दाराची दोन्ही वाक्यं खोडली आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, देअर इज नो डोअर टु अवर हाऊस. प्रत तिच्या हातात दिली. "हे म्हणायला शिकवा. जे आहे ते बोलायला शिकवा."

"असं चालंल, मॅडम?"

"मी लिहून दिलंय ना," मी म्हणाले. ते वाक्य मला अजून आठवतं.

राजूर

राजूरपर्यंत अख्खा दिवस. संगमनेरपर्यंत ऊस आणि डाळिंब, अकोल्यानंतर रस्ता चढायला लागतो, हवा पातळ होते आणि डोंगर एकदम जवळ येऊन उभे राहतात. मी पुढे बसले होते. मागे रोहिणी मांडीवर ती प्रत घेऊन बसली होती. माझा अहवाल डोक्यात तयार होता, कडक आणि नेमका. पुस्तक टाकाऊ, पाठांतर यांत्रिक, अध्यापनात विचार नाही. लेखिकेचं नाव त्यात नव्हतं. आणि त्या अहवालाने रोहिणीची जागा जाणार, हेही मला माहीत होतं.

ती मागून म्हणाली, "मॅडम, रागावू नका. त्या दाराच्या वाक्याचं एक सांगू?"

"सांगा."

"आम्ही पाथर्डीकडचे. आईवडील ऊसतोडीला जायचे, आम्ही पोरं बरोबर. हे पुस्तक वडिलांनी मढीच्या जत्रेत रद्दीच्या ढिगातून आणलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं, इंग्रजी हाय एवढंच कळलं. फडात आमची कोपी असायची, पाचटाची झोपडी. कोपीला कुठलं दार? नुसतं भोक असतंय. तिथं चिमणीपाशी बसून मी म्हणायचे, आय नॉक ॲट द डोअर. आई ऊस तोडून यायची, हात सोललेले. मी म्हणायचे, माय मदर ओपन्स द डोअर." ती थोडं हसली. "लई बरं वाटायचं मॅडम. आपल्याला एक दार असंल, कुणीतरी उघडंल, असं."

भाऊसाहेबांनी गाडीचा वेग कमी केला. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघितलं आणि पेढे कुठे चांगले मिळतात ते विचारलं. इतकी लाज मला आयुष्यात फार वेळा वाटलेली नाही, आणि ज्या वेळा वाटली त्या वेळीही मी असाच विषय बदलला होता.

राजूर हे आसपासच्या डोंगरी गावांचं बाजाराचं गाव. पेढे खरोखर चांगले, खवा भरपूर भाजलेला, साखर बेताची. तिथला चहावाला पैसे घेताना कुठून आलात, कशाला आलात, मुलं किती, सगळं विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबतो. आमच्याकडे कुणी इतकं विचारलं तर तो विमा विकायला आलाय असं समजतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा झाली. पोरं दोन दोन डोंगर उतरून आलेली, स्वच्छ, तेल लावलेली. त्यांचीही घरं लहान पण सुखी होती. मी पुस्तकाबाहेरचा एकच प्रश्न विचारायचं ठरवलं. एका मुलीला विचारलं, 'व्हॉट डिड यू ईट धिस मॉर्निंग?' तिच्या ओठाच्या कोपऱ्याला नाचणीच्या भाकरीचा कण चिकटलेला मला दिसत होता. तिने छताकडे पाहिलं, आठवलं, आणि आनंदाने म्हणाली, "सँडविचेस, मॅडम!"

मागे रोहिणीने डोळे मिटले. तिला वाटलं असणार, गेली जागा.

अहवालाचा कागद घेऊन मी अर्धा तास बसले. माझं पेन एरवी इतकं अडत नाही. शेवटी लिहिलं ते असं: 'विद्यार्थी इंग्रजी बोलत नाहीत, पाठ म्हणतात. हा दोष रोहिणीमॅडमचा नाही. त्यांना दिलेलं पुस्तक टाकाऊ आहे. ते मी लिहिलेलं आहे. त्यांना कायम करावं आणि पुस्तक बंद करावं.' खाली सही केली आणि कागद आधी रोहिणीच्या हातात दिला. वाटलं, आता ही बोलेल. कोपीत बसून पाठ केलेल्या त्या खोट्या आईबद्दल, त्या रविवारच्या बागेबद्दल मला चार शब्द सुनावेल. मी तयार होते. खरं म्हणजे मला ते हवेच होते.

तिने कागद दोनदा वाचला. मग खुर्ची मागे सारली आणि माझ्या पाया पडली.

"मॅडम! तुमी? तुमीच त्या?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी उठवायच्या आत तिने ती झेरॉक्सची प्रत माझ्यापुढे धरली. "सही करा ना मॅडम. वडील असते तर..."

मी सही केली. माझ्यासारख्या बाईला शिव्यांची तयारी करून आल्यावर नमस्कार झाला की ती सांगाल तिथे सही करते. दुपारी बातमी श्रीरामपूरला पोचली आणि संध्याकाळी प्राचार्य स्वतः घाट चढून आले, एकविसावी शाल घेऊन. "मॅडम, एवढी मोठी गोष्ट लपवून ठेवलीत!" ते म्हणाले. अहवालाचा कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी त्यातलं एकच वाक्य वाचलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हटलं, "पुस्तक बंद करा असं लिहिलंय मी." ते म्हणाले, "हा तुमचा विनय."

निघताना भाऊसाहेबांनी माझ्या बॅगेवर पेढ्यांचा खोका ठेवला. "मॅडम, एक इचारू? तुमच्या घरी खरंच संडेला सँडविच करत्यात?"

"नाही," मी म्हणाले. "पोहे."

"मंग तेच लिवायचं हुतं की," भाऊसाहेब म्हणाले.

पुणे

जुलैत रोहिणीचा फोन आला. जागा मिळाली. राजूरला खोली घेतली आहे, पक्की, दाराला आतून बाहेरून कडी. आई येऊन राहणार आहे. ती इतकी भराभर बोलत होती की मला मध्ये शब्द घालता येईना, आणि मला खरंच, मनापासून आनंद झाला. संस्थेने माझी अर्धी शिफारस मानली होती. माझ्या नोकरीत माझी एवढीही कुणी मानली नव्हती.

"आणि मॅडम, व्हिडिओ पाठवलाय, बघा ना."

व्हिडिओ शिपायाने काढला होता. राजूरचा वर्ग, चाळीसेक पोरं, प्रत्येकाच्या हातात नवं कोरं पुस्तक. मुखपृष्ठावर शाल पांघरलेली मी. वर माझं पूर्ण नाव, तीस वर्षांपूर्वी लपवलेलं. पोरं एका सुरात, छताला भिडेल अशा आवाजात म्हणत होती, देअर इज नो डोअर टु अवर हाऊस.

मी तिला लगेच उलट फोन केला. "अगं, हे काय? राजूरला प्रत्येक घराला दार आहे!"

"हाय की मॅडम. मी म्हणले पण होते." तिचा आवाज जरा खाली आला. "पण प्राचार्यसाहेब म्हणाले, लेखिकेच्या हातचं आहे, सहीसकट. तिन्ही कॉलेजांना तेच छापून दिलं."

"मला विचारलं का कुणी?"

"सत्कार केला ना तुमचा. साहेब म्हणाले, तीच परवानगी."

"रोहिणी, ते दाराचं वाक्य परत घाला. तुमचं, कोपीतलं. उद्याच्या उद्या."

ती मला समजावत म्हणाली, "आता छापून आलंय मॅडम. पुढच्या आवृत्तीत बघू. तुम्ही फक्त पेनाने लिहून पाठवा." आणि थोडं थांबून, "पण जोरात म्हणत्यात की नाही पोरं?"

फोन ठेवल्यावर मी व्हिडिओ पुन्हा लावला. पहिल्यांदा मी पुस्तकाकडेच बघत बसले होते. आता शेवटपर्यंत पाहिला. पोरं घसा ताणून सांगत होती की आमच्या घराला दार नाही, आमच्या घराला दार नाही. बाहेर डोंगरावरून वारापाऊस येत होता आणि पुढच्या बाकावरची पानं फडफडत होती. रोहिणी टेबलामागून उठली, चालत गेली आणि वर्गाचं दार लावून आतून कडी घातली.